भिंगरीचा खर्च मी धरलाच नाही

अजूनही मला फोन येतात. दवाखाना बंद होऊन चार वर्षं झाली, त्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं विकतात, तरी कोण ना कोण कुठून तरी नंबर मिळवतो आणि विचारतो, "हौसाकाकू, कुत्रं आणायचंय. वर्षाला किती खर्च धरू?" मी म्हणते, "वर्षाचा धरू नको बाबा, जन्माचा धर." मग तो हसतो. हसला की मी ओळखते, याने काही धरलेलं नाही.

कोळवणच्या रस्त्यावर एका डॉक्टरबाईंचा जनावरांचा दवाखाना होता, तिथं मी बावीस वर्षं कामाला होते. शिक्षण सातवी. इंजेक्शन भरणं, ताप बघणं, चावऱ्या कुत्र्याच्या तोंडाला पट्टीचा फास घालणं हे सगळं बघून बघून आलं. पण माझं खरं काम वेगळं होतं. उपचार बाईंचे आणि पैशाचं बोलणं माझं. बाईंना पैसे मागायचा संकोच. मला कसला संकोच? आमच्या भावकीत वाटण्या होताना मी पदर खोचून उभी राहिलेली बाई आहे.

तर एवढ्या वर्षांत खोऱ्यातल्या कितीतरी कुत्र्यांचा जन्माचा खर्च मी बोटांवर मोजून सांगितला. एकाच कुत्रीचा धरला नाही. ती माझी, भिंगरी. तिला जाऊन दीड वर्ष झालं. मागच्या दिवाळीत माझा नितीन म्हणाला, "आई, फार्महाऊसवाल्यांकडं पिल्लं झाल्यात. एक आणू तुला?" त्याला उत्तर द्यायला मला पंधरा दिवस लागले. इतके दिवस का लागले, ते सांगते.

आधी दवाखान्याचं. आमच्या मालकांनी रस्त्याकडेला दोन गाळे बांधले, त्यातला एक या बाईंनी भाड्यानं घेतला. पुण्याहून स्कूटरवर यायच्या, बारीक अंगाच्या, चष्मा. मला वाटलं, ही काय जनावरं धरणार? तिसऱ्याच दिवशी एका बंगलेवाल्याचं अल्सेशियन साखळी तोडून पळालं ते थेट माझ्या अंगणात. मी तांदूळ निवडत होते. उठले, वळचणीची घोंगडी ओढली आणि टाकली त्याच्या अंगावर. वर बसलेच म्हणा ना. बाई धापा टाकत आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "हौसाबाई, उद्यापासून येता का?" अशी माझी नोकरी लागली. मी त्यांची घरमालकीणही आणि कामवालीही. हे दोन्ही एकदम असणं मला पुढं महागात पडलं.

लोकांना वाटतं, कुत्र्याला काय लागतं? भाकरीचा तुकडा. मी गावातल्या माणसाला भातावरून सांगायची. "भाताला खर्च कधी येतो? रोपाला, लावणीला. मग पीक नुसतं उभं असतं, तू बांधावरून बघत फिरतोस. आणि काढणीला पुन्हा माणसं लावतोस का न्हाई?" "व्हय." "तसंच कुत्र्याचं." पहिल्या वर्षी लशी, जंताची औषधं, नसबंदीचं ऑपरेशन. मग सात-आठ वर्षं वर्षाची लस आणि पावसाळ्यात गोचिडांचं औषध, एवढ्यावर भागतं. याच वर्षांत माणूस विसरतो की हे म्हातारं होणार आहे. शेवटच्या दोन-तीन वर्षांत दात, सांधे, डोळे, मूत्रपिंडं, सगळं रांगेनं उभं राहतं. मधल्या सपाटीच्या वर्षांतच शेवटच्यासाठी बाजूला टाकायचं असतं. मी हे बोलायला लागले की बाई आतून ओरडायच्या, "झाली का हौसाबाईंची लावणी?"

नांद्याकडच्या नव्या इमारतींमधलं एक जोडपं आलं होतं. दोघंही कंपनीत. बरोबर बर्फातलं केसाळ कुत्रं, निळे डोळे. पोरगी म्हणाली, "मावशी, याला हीट सहन होत नाही, म्हणून त्याच्या रूमला एसी लावलाय." मी म्हटलं, "बरं केलं. आणि तुमच्यातल्या एकाची नोकरी गेली तर एसी कुणाचा बंद व्हायचा? तुमचा का त्याचा?" नवरा चिडला. पुढच्या आठवड्यात ती पोरगी एकटीच आली, म्हणाली, "मावशी, ते जन्माचं सांगत होता ते परत सांगा, मी लिहून घेते." पोरगी हुशार निघाली. कुत्र्याचं वेगळं खातं काढलं तिनं.

पण पैसे बाजूला टाकायचं मला शिकवलं ते एका धनगरानं. धाकूमामा म्हणायचे सगळे. डोंगरावर त्यांचा वाडा, शेळ्या-मेंढ्या. एका सकाळी आले ते कुत्रं घोंगडीत घालून, खांद्यावर. बिबट्यानं मान फाडलेली. मागून त्यांची म्हातारी एक शेळी ओढत आणते आहे. मला वाटलं, शेळीही आजारी असेल. टाके घालून झाले, मी खर्चाचं काढलं, तर धाकूमामा म्हणाले, "ती बांधलीया की भायेर. इका आन् घ्या."

"अवो मामा, एका कुत्र्यापायी शेळी इकताय?"

"ही कुत्र्याचीच हाय. आमच्या घरात पिल्लू आलं की एक पाट त्याच्या नावानं सोडतो." पाट म्हणजे शेळीची पोर. "तिची करडं हुतील ती त्याची. घरात पोरगं आजारी पडलं तर दुसरी शेळी इकायची. हिला हात न्हाई लावायचा."

"का बरं?"

"आगं, वाड्याला राखण कोण करतंय? मी का तू? त्याचा पगार हाय त्यो."

बाईंनी शेळी घेतली नाही. म्हणाल्या, करडं झाली की एक विका आणि पैसे आणून द्या. दिले त्यांनी. तेव्हापासून मी गावातल्या माणसाला आकडे सांगायचं कमी केलं आणि म्हणायला लागले, "कुत्र्याच्या नावानं काय सोडतोस ते सांग." कुणी कोंबडी सोडली. एकानं परसातलं शेवग्याचं झाड सोडलं. त्याची बायको भांडली, "माझ्या आमटीत शेंग न्हाई आन् टॉम्याला लस!" पण त्या शेवग्यावर टॉम्या नऊ वर्षं लशी घेत होता, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फार्महाऊसवाल्यांचं दुखणं वेगळंच. पैसा आहे, माणूस नाही. साहेब शनिवारी येणार, रविवारी जाणार आणि कुत्रं नेमकं मंगळवारी आजारी पडणार. एकदा भर उन्हात एक बिहारी वॉचमन लॅब्रॅडोर कुत्र्याला सिमेंटच्या हातगाडीत घालून तीन किलोमीटर ढकलत आला. "मौसी, साहब फोन नहीं उठा रहे. मेरे पास दो सौ है." गोचिडांचा ताप होता, हिरड्या पांढऱ्याफटक. बाईंनी सलाईन लावलं. कुत्रं चार दिवस आमच्या इथंच होतं. शनिवारी साहेब आले, बिल बघितलं आणि म्हणाले, "आधी विचारायचं ना आम्हाला!" मी म्हटलं, "साहेब, हातगाडीवाल्यानं इचारलं न्हाई म्हणून कुत्रं हाय." त्यानंतर मी नियमच केला. ज्यांचं कुत्रं वॉचमनच्या भरवशावर, त्यांनी आगाऊ रक्कम दवाखान्यात ठेवायची. काहीजण रागावले. ठेवली मात्र सगळ्यांनी.

माझं चुकलंही. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई पिल्लू घेऊन आली, पदराखाली झाकून. रक्ताची हगवण. पाच दिवस सलाईन लागणार. मी आपला चोख हिशेब करून सगळा आकडा सांगितला. तिनं तो ऐकला, पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "बघते हां मी," आणि निघून गेली. परत आली नाही. डॉक्टरबाई त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "हौसाबाई, निरोगी कुत्र्याच्या माणसाला बारा वर्षांचं सांगा. आजारी कुत्र्याच्या माणसाला फक्त आजचं सांगायचं. उद्याचं उद्या बघता येतं." पुढं मी तसंच केलं. पण त्या बाईचा तो पदर अजून दिसतो मला.

आता भिंगरी.

ती कुठून आली, आठवत नाही. आली आणि अंगणात गोल गोल फिरली म्हणून भिंगरी. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. दिवसभर दवाखान्याच्या उंबऱ्यावर बसायची. आलेल्या कुत्र्याला हुंगून आत सोडायची, जसं काही नंबर हीच लावते. लशी बाई फुकट टोचायच्या. औषधं फुकट. मी पैसे काढले की म्हणायच्या, "ठेवा हो, घरचं आहे."

घरचं आहे, म्हणून मी तिच्या नावानं ना कोंबडी सोडली, ना झाड. आणि घरचं आहे, म्हणूनच तिचं ऑपरेशन राहिलं. पहिल्या वर्षी म्हटलं, एकदा पिल्लं होऊ देत. झाली. मग भात आलं. मग मुलीचं लग्न. बाई मधूनच विचारायच्या, "भिंगरीचं कधी करायचं?" मी म्हणायची, "करू की. टेबल हितंच, तुमी हितंच, ती हितंच. कुटं पळून चाललीया?" वीस पावलांवर टेबल होतं. मी स्वतः दुसऱ्यांच्या कुत्र्या त्या टेबलावर धरून उभी राहायची आणि त्यांच्या माणसांना सांगायची, "आत्ताच करून टाका, नाहीतर म्हातारपणी पिशवीत पू होतो." बोलायची आणि घरी जाऊन भिंगरीला भाकर घालायची. नऊ वर्षं अशीच गेली. मग बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला, त्या दवाखाना आवरून लेकीकडं दुसऱ्या गावी राहायला गेल्या. जाताना टेबलही गेलं.

भिंगरी अकरा वर्षांची असताना, अश्विनात, पाणी फार प्यायला लागली. मी म्हटलं, ऊन किती पडलंय. बघा, बावीस वर्षं काम केलेली मी! दुसऱ्या कुणाचं कुत्रं असतं तर मी विचारलं असतं, माजावर कधी आली होती, पोट बघू, शेपटीखाली बघू. तिसऱ्या दिवशी ती उठेना, तेव्हा मी शेपटी उचलली. पू होता.

नितीनच्या जीपमधून पुण्याला नेलं. मोठं हॉस्पिटल, काचेचा दरवाजा, गारगार. काउंटरवर एक गोड मुलगी. म्हणाली, "आजी, अंदाजे खर्च सांगते हं," आणि तिनं एका दमात सगळं वाचून दाखवलं. तपासण्या, सोनोग्राफी, ऑपरेशन, पाच दिवस तिथं ठेवायचं. आकडा अडतीस हजारांवर गेला.

मी म्हटलं, "बाळा, आजचं किती तेवढंच सांग."

"आजी, असं नसतं. पूर्ण सांगावं लागतं."

बरोबरच होतं तिचं. तिनं तिचं काम केलं. डॉक्टर तरुण होता, खाली बसून बोलला माझ्याशी. ऑपरेशन नाही केलं तर दोन-तीन दिवस. केलं तर निघेल कदाचित, पण मूत्रपिंडांना धक्का बसलाय, तो राहील. पहिल्या वर्षी केलं असतं तर एका दुपारचं काम होतं, असं तो म्हणाला नाही. मला ते माहीतच होतं.

नितीन जीपच्या इंजिनकामासाठी जमवलेले पैसे घेऊन उभा. "आई, तू सांग. भरू का?"

"तुझं इंजिन?"

"इंजिन बोंबलू दे. तू सांग."

मी भिंगरीकडं बघितलं. ती काचेच्या दरवाजाकडं तोंड करून बसली होती. आत येणाऱ्या एका पामेरियनला तिनं तशातही हुंगलं. मी म्हटलं, "भर."

ती वाचली. दसऱ्यानंतर घरी आली, पोटावर टाके, एक कान उभा, एक पडलेला. दर एक दिवसाआड कातडीखाली सलाईन द्यायचं होतं. त्यासाठी पुण्याला कोण नेणार? मीच द्यायला लागले. पडवीच्या वाशाला बाटली टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत धरायची, सुई घालायची. दोन वर्षं रिकामे असलेले माझे हात पुन्हा कामाला लागले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. सलाईन संपलं की ती हळूहळू चालत गाळ्याकडं जायची आणि मोबाइलच्या दुकानापुढं उंबऱ्यावर बसायची. दुकानदार मला म्हणायचा, "काकू, गिऱ्हाईक भितंय." मी म्हणायची, "भिऊ दे. तुझ्या आधीपास्नं हाय ती तितं." आम्ही दोघी तिथं बसायचो. रस्त्यानं एसटी जायची, कुणी फार्महाऊसवाला काच खाली करून हात करायचा. दोघींनाही वाटायचं, आत्ता स्कूटरचा आवाज येईल.

फाल्गुनात, एका दुपारी, फणसाखाली, माझ्या पावलावर हनुवटी ठेवून ती गेली. पाऊल मी बराच वेळ हलवलं नाही.

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझीही चूक आहे. बाकीच्यांच्या मी हात धुऊन मागं लागायचे. तुमच्या मागं नाही लागले. तुम्ही घरमालकीण ना."

"आन् मी लागले न्हाई, कारण तुमी फुकट करणार हुता," मी म्हटलं. "पैसे मोजले असते तर तारीख तरी मागितली असती." दोघीही हसलो. फोन ठेवल्यावर मी रडले, पलीकडचं मला ठाऊक नाही.

तर नितीनचं ते पिल्लू. बघून आले मी चोरून. सहा पिल्लं, त्यातली एक काळी, पोटावर पांढरा ठिपका. उचलली तर माझ्या बांगडीला चावली. पंधरा दिवस ती बांगडी मी हलवून हलवून बघत होते. मला अडुसष्ट चालू आहे. कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-तेरा वर्षं. म्हणजे तिची शेवटची वर्षं आणि माझी शेवटची वर्षं एकदमच यायची. सलाईन कोण कुणाला लावणार? नितीन म्हणाला, "आमी न्हाई का?" मी म्हटलं, "तू दिवसभर जीपवर, तुझी बायको कंपनीत. खोटं कशाला बोलतोस?" ज्या प्रश्नावर मी त्या एसीवाल्या पोराला चिडवलं, तो आता माझ्यापुढं होता. मी नाही म्हटलं. नाही म्हणून आत गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

ते काळं पिल्लू आमच्या शेजारच्या रंजनानं नेलं, भावकीतली सून माझी. पोरांनी नाव ठेवलं चॉकलेट. कुंपणाशी उभी राहून मी तिची लस, जंतांचं औषध सगळं विचारायची. रंजनाही सगळं वेळेवर करायची. ज्येष्ठात पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं, तेव्हा मी ऑपरेशनचं काढलं. रंजना रोपं उपटत होती. मान वर न करता म्हणाली, "करू की काकू, लावणी झाल्यावर. घरातलंच हाय. कुटं पळून चाललंय?"

मला असा संताप आला! रंजनाचा नव्हे, माझा. "रंजे," मी म्हटलं, "आज तिन्हीसांजेनंतर तिला खायला घालायचं न्हाई. आन् उद्या सकाळी चप्पल घालून तयार ऱ्हा."

"अवो पर रोपं..."

"रोपं मी उपटते परवा. दोन वाफे माझे. बोल."

"तुमी? ह्या गुडघ्यांनी?" ती हसायला लागली. मी हसले नाही. मग तीही थांबली.

दुसऱ्या दिवशी नितीनच्या जीपमधून पौडाकडच्या नव्या दवाखान्यात गेलो. पैसे रंजनानं भरले. मला द्यावेसे लई वाटले, पण ज्याचं कुत्रं त्याचाच हात खिशात गेला पाहिजे, नाहीतर माझ्यासारखं होतं. आत टेबलावर चॉकलेटला धरायला त्यांचा माणूस होता. मी म्हटलं, "जरा बाजूला व्हा," आणि तिला झोप लागेपर्यंत मीच धरलं.

परत येताना रंजना पुढं बसली, मी मागं, आणि चॉकलेट माझ्या मांडीवर, भुलीत, जीभ जरा बाहेर. पोटावर तो पांढरा ठिपका, त्याच्याखाली टाके. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी तिला उचलून धरायची. नितीनला म्हटलं, "हळू घे." तो म्हणाला, "आई, याच्यापेक्षा हळू गाडी बंद पडंल." मला तर ती बंद पडली असती तरी चाललं असतं.

रंजनाचं दार आलं. तिनं हात पुढं केले आणि मी चॉकलेटला तिच्या हातात दिलं. ती झोपेतच एकदा कण्हली आणि रंजनाच्या खांद्यात तोंड घालून निजली. रंजना तिला घेऊन आत गेली. जीप आमच्या अंगणात येऊन थांबली, नितीन उतरला, म्हणाला, "उतर की." मी म्हटलं, "तू जा पुढं, येते." लुगड्यावर तिचे काळे केस चिकटले होते आणि मांडी अजून गरम होती.